आधी घरं, मग रस्ता: सातारा-देवळाईच्या ट्रॅफिकमागचं गणित नेमकं काय आहे?

छत्रपती संभाजीनगरात घर शोधायला निघालात की एजंट पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य टाकतोच. "सातारा परिसरात बघा, त्याच पैशात एक खोली जास्त मिळते." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: हा सातारा जिल्हा नव्हे. शहराच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असलेलं खंडोबाचं सातारा गाव.) एजंट खोटं बोलत नसतो. खोली खरंच जास्त मिळते. फक्त त्या खोलीतून क्रांती चौकातल्या ऑफिसला पोहोचायला किती वेळ लागेल, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा तुम्हीही विचारत नाही, कारण घर बघायला आपण रविवारी दुपारी जातो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता विषय वेगळा असतो. बीड बायपास, देवळाई चौक, संग्रामनगरचा पूल, शिवाजीनगरचं फाटक. शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्या कुणालाही ही चार नावं सांगा, पुढचं ते स्वतःच सांगतील.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर आहे: लोकसंख्या वाढली, गाड्या वाढल्या, ट्रॅफिक होणारच. हे अर्धंच खरं आहे. लोकसंख्या सिडकोतही आहे आणि गाड्या तिथेही कमी नाहीत. तरी सिडकोतल्या एन-वन, एन-टू भागातला माणूस घरातून निघाला की त्याच्यापुढे तीन-चार रस्ते असतात. देवळाईतल्या माणसापुढे बऱ्याचदा एकच असतो. हा फरक कुठून आला, हेच समजून घ्यायचंय.

रूळ आणि डोंगर यांच्या मधली पट्टी

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. शहराच्या मधून पूर्व-पश्चिम जातो तो जालना रोड. कोर्ट, मोंढा, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक, विमानतळ, सगळं याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास. त्याच्या दक्षिणेला साधारण त्याच दिशेने जाते ती मनमाड-सिकंदराबाद रेल्वेलाइन. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास ही लाइन टाकली गेली, तेव्हा ती गावाच्या बाहेरून होती. रुळांच्याही दक्षिणेला बीड बायपास आणि त्याच्यापलीकडे साताऱ्याचे डोंगर.

म्हणजे सातारा-देवळाई ही एक पट्टी आहे. वर रूळ, खाली डोंगर, मधून बायपास. डोंगरातून पलीकडे रोजच्या कामासाठी कुणी जात नाही. नोकरी, कॉलेज, मोठी हॉस्पिटल, बाजार हे सगळं मुख्यतः रुळांच्या उत्तरेला. तेव्हा रोजच्या येण्या-जाण्यात दोनच हालचाली आहेत. बायपासवरून पूर्व-पश्चिम जाणं, आणि कुठेतरी रूळ ओलांडून उत्तरेला जाणं.

रूळ ओलांडायच्या जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. पश्चिमेला रेल्वे स्टेशनजवळचा उड्डाणपूल, मग संग्रामनगरचा उड्डाणपूल, मग शिवाजीनगर, त्याच्याही पुढे मुकुंदवाडीकडची बाजू. पट्टीत घरं कितीही बांधा, दारं एवढीच.

एखाद्या मंगल कार्यालयात हजार माणसं बसवली आणि बाहेर पडायला दोन दारं ठेवली, तर जेवण झाल्यावर जे होईल तेच इथे रोज सकाळी होतं.

शहर इतकं पसरलं कसं?

१९७१ च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. मग चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसी आल्या, कारखाने आले आणि आकडे पळायला लागले. १९९१ मध्ये ५ लाख ७३ हजार, २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. त्यानंतर देशात जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे आजचा आकडा म्हणून जो तो सांगतो तो अंदाज असतो.

या वाढीतला एक भाग नियोजन करून झाला. १९७० च्या दशकात सिडको आली आणि तिने आधी जमीन घेतली, मग रस्ते आखले, मग घरं आणि प्लॉट विकले. एन-वनपासूनचे सेक्टर त्यातूनच आले. दुसरा भाग असा वाढला की शेतकऱ्याने शेत विकलं, घेणाऱ्याने त्याचे तुकडे पाडले आणि तुकडे विकले. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो.

सातारा आणि देवळाई त्या काळात महापालिकेच्या हद्दीबाहेर होत्या. कारभार ग्रामपंचायतीचा. पुढे शहराभोवतालच्या २८ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, त्याला झालर क्षेत्र असं छान नाव मिळालं. पण आराखडा तयार व्हायला वर्षं गेली आणि शेवटी सिडकोने यातून अंग काढून घेतलं. २०१४ मध्ये सातारा-देवळाईची स्वतंत्र नगर परिषद झाली. ती धड उभी राहायच्या आत, वर्ष-दोन वर्षांतच हा सगळा भाग महापालिकेत घेण्यात आला.

ग्रामपंचायत, सिडको, नगर परिषद, महापालिका. कागदावर मालक बदलत होता, आणि त्याच काळात जमिनीवर स्लॅब पडत होते. बिल्डरला आणि प्लॉट घेणाऱ्याला थांबायचं काही कारण नव्हतं.

शहराच्या मूळ हद्दीतही काही वेगळं चाललं नव्हतं. महापालिकेचा सुधारित विकास आराखडा २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि पुढची काही वर्षं शहर जुन्याच आराखड्यावर चाललं. नवा प्रारूप आराखडा लोकांसमोर आला तो थेट २०२४ मध्ये. आराखडा म्हणजे फक्त रंगीत नकाशा नसतो. कुठून किती रुंदीचा रस्ता जाणार हे त्यात कायद्याने ठरतं. तो अडकला की भविष्यातला रस्ता अडकतो, आणि त्या जागेवर घर बांधायला लोक मोकळे होतात.

गुंठ्याचं गणित

आता मुख्य मुद्दा. रस्ते अरुंद का? लोक म्हणतात बिल्डर हावरट असतात. असतील, पण आकडे बघितले की हावरटपणाला किती वाव आहे ते कळतं.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण एका छोट्या घराचा प्लॉट. समजा एका शेतात ३०० फूट लांबीचा रस्ता सोडायचाय. तो २० फुटी ठेवला तर ६,००० चौरस फूट जमीन जाते. ४० फुटी ठेवला तर १२,०००. फरक ६,००० चौरस फुटांचा, म्हणजे साडेपाच गुंठे. रस्ता रुंद करायचा म्हणजे पाच प्लॉट हातचे सोडायचे. बाँडवर विक्री चाललीय, लेआउट कुणाकडून मंजूर करून घ्यायचा नाहीये, तर पाच प्लॉट कोण सोडेल?

रुंदीपेक्षाही मोठा घोळ जोडणीचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रत्येक शेतमालकाने आपल्या बांधापर्यंत रस्ता आखला. शेजारच्या शेतात तो पुढे जावा, ही जबाबदारी कुणाचीच नव्हती. शेजाऱ्याने त्याच्या सोयीने, वेगळ्या दिशेने रस्ता सोडला. परिणाम असा की दोन कॉलन्या एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत. मधे फक्त कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडच्या किराणा दुकानात जायचं तर आधी बाहेर मुख्य रस्त्यावर या, वळसा घाला, पलीकडच्या गल्लीत शिरा. जी खेप चालत दोन मिनिटांची होती, ती स्कूटरवरून बायपासवर येते.

म्हणून बायपासवरची गर्दी ही सगळी लांब जाणाऱ्यांची नसते. त्यात दूध आणायला निघालेला आहे, मुलाला ट्यूशनला सोडायला निघालेली आई आहे आणि शेजारच्या कॉलनीतल्या मित्राकडे चाललेला पोरगाही आहे.

यात आणखी एक गाडी मिसळा, पाण्याचा टँकर. या भागातली बरीच वस्ती वर्षानुवर्षं टँकरवर जगते. जायकवाडीवरून येणाऱ्या नव्या जलवाहिनीची वाट सगळं शहरच बघतंय. पण पाइप नाही म्हणजे काय, तर जे पाणी जमिनीखालून आलं असतं ते चाकांवर येतं. त्याच २० फुटी गल्लीतून टँकर आत जातो, उलटा बाहेर येतो, आणि तेवढा वेळ गल्ली बंद. हे ट्रॅफिकच्या कुठल्या चर्चेत येत नाही, पण टँकर मागे घेताना ज्याने दहा मिनिटं गाडी बंद करून वाट बघितलीय त्याला विचारा.

परवानगी घेऊन बांधलेल्या इमारतींचं काय?

सगळा दोष गुंठेवारीवर टाकणंही सोपं आहे, आणि थोडं अन्यायाचंही. इथल्या कित्येक अपार्टमेंट रीतसर परवानगीने उभ्या आहेत. मग तिथे ट्रॅफिकचा विचार झाला नाही का?

झाला, पण फक्त दारापुरता. इमारत किती उंच आणि किती मोठी बांधता येईल, हे ठरवताना समोरचा रस्ता किती रुंद आहे ते बघितलं जातं. पार्किंग किती हवं याचेही नियम आहेत. पण तो समोरचा रस्ता पुढे जिथे जाऊन मिळतो त्या चौकात आधीच किती गाड्या आहेत, हे एकेकट्या इमारतीच्या परवानगीत कुणी विचारत नाही. ट्रॅफिकवर काय परिणाम होईल याचा विचार होतो तो मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत. ती लागते बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा.

आता बघा. अडीच हजार चौरस मीटरच्या दहा इमारती एकाच गल्लीत, वेगवेगळ्या दहा बिल्डरांनी बांधल्या. एकूण बांधकाम २५ हजार चौरस मीटर. एकाने बांधलं असतं तर अभ्यास करावा लागला असता. दहा जणांनी बांधलं, म्हणून कुणालाच नाही. ट्रॅफिकला मात्र बिल्डर एक की दहा याने काही फरक पडत नाही.

समजा या गल्लीच्या तोंडातून सकाळच्या एका तासात ७०० गाड्या बाहेर पडतात. म्हणजे दर पाच सेकंदाला एक गाडी बायपासवर शिरते. त्यातल्या निम्म्यांना उजवीकडे वळायचंय, म्हणजे येणारा प्रवाह कापायचाय. अशी तोंडं एका पाठोपाठ एक असली की बायपास हा बायपास राहत नाही, तो गल्ल्यांचा चौक होतो.

बायपासचं आयुष्य

बायपास कशासाठी असतो? बीडकडून येणारा, धुळ्याकडे जाणारा ट्रक शहरात न शिरता बाहेरून निघून जावा म्हणून. बीड बायपासही त्याचसाठी होता. पण बायपासच्या दोन्ही बाजूंची जमीन कुणीही विकू शकतं आणि तिथून थेट रस्त्यावर कुणीही उतरू शकतं, तर तो बायपास ही प्लॉटिंगची सगळ्यात भारी जाहिरात ठरते. 'रोड टच' या दोन शब्दांनी शहरांच्या कडेची जितकी शेती संपवली असेल तितकी दुष्काळानेही संपवली नसेल.

मग शाळेची व्हॅन आणि सोळा चाकी ट्रेलर एकाच रस्त्यावर आले. बीड बायपासवरच्या अपघातांनी कित्येक घरं उद्ध्वस्त केली, दुचाकीवरची माणसं ट्रकखाली गेली, आंदोलनं झाली, अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी घालावी लागली. ज्या रस्त्याचं काम ट्रक नेणं होतं, त्याच रस्त्यावर ट्रक नको म्हणायची वेळ आली.

२०२० नंतर सार्वजनिक बांधकाम विभागाने रुंदीकरण काढलं. एमआयटी, संग्रामनगर आणि देवळाई चौक इथे उड्डाणपूल झाले. यातल्या संग्रामनगरजवळच्या पुलाची गंमत शहराला चांगली लक्षात आहे: पूल उभा राहिला आणि मग कळलं की खालून मोठी वाहनं जाण्याइतकी उंचीच नाहीये. मग पुलाखालचा रस्ता खोल खणायला घेतला. आणि खणलेल्या खोलगट जागेत पावसाचं पाणी काय करतं हे वेगळं सांगायला नको.

पूल झाल्यावर लांब जाणाऱ्या गाड्यांना सरळ वाट मिळाली हे मान्यच करायला हवं. पण गल्लीतून निघालेल्याचा प्रश्न पुलाने सुटत नाही, कधीकधी वाढतो. समजा तुम्हाला समोरच्या बाजूला २०० मीटरवर जायचंय आणि रस्त्यातला कट एक किलोमीटर पुढे आहे. नियमाने गेलात तर दोन किलोमीटरचा फेरा. राँग साइडने गेलात तर २०० मीटर. रोज चार वेळा हा हिशोब करणारा माणूस काय निवडतो ते बायपासवर कुठल्याही संध्याकाळी दिसतं. पोलीस दंड करतात, करायलाच हवा. पण इतकी माणसं एकाच जागी रोज एकच नियम मोडत असतील, तर त्या जागेची आखणीही एकदा तपासायला हवी.

दरम्यान ट्रकसाठी आणखी बाहेरून नवा बायपास झाला. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाचा हा टप्पा, करोडीपासून आडगाव-निपाणीपर्यंत साधारण ३० किलोमीटर, २०२१ च्या सुमारास सुरू झाला. लांब पल्ल्याची अवजड वाहनं तिकडे गेली आणि बीड बायपासवरचा जीवघेणा ताण बराच उतरला. हा खरा, मोजता येण्यासारखा दिलासा.

आता पुण्याकडे एक नजर टाका. कात्रज-देहूरोड बायपास हा पुण्याचा बाहेरचा रस्ता होता. आज वारजे, बाणेर, वाकड हे सगळं त्याच्या दोन्ही बाजूंना शहर म्हणून उभं आहे आणि नवले पुलाजवळच्या अपघातांच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. पुणे आता आणखी बाहेर रिंगरोड बांधतंय. आपण पुण्याच्या साधारण एक बायपास मागे आहोत.

याच्या उलट उदाहरण आपल्याच दारात आहे, समृद्धी महामार्ग. तो सावंगी आणि माळीवाड्याजवळून जातो, पण त्याच्यावर चढता-उतरता येतं फक्त इंटरचेंजवर. बाजूच्या शेतातून थेट रस्त्यावर येता येत नाही. म्हणून त्याच्या कडेला 'रोड टच' प्लॉट विकताच येत नाही. रस्ता बायपास राहतो की गल्ली होतो हे त्याच्या रुंदीवर ठरत नाही, त्याच्यावर कुठून शिरता येतं यावर ठरतं.

फाटक आठ मिनिटं बंद, तर जाम किती मिनिटं?

शिवाजीनगरचं रेल्वे फाटक हा या सगळ्याचा कळस. इथल्या रहिवाशांनी भुयारी मार्गासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला, विषय खंडपीठापर्यंत गेला, भूसंपादनाचे पैसे कोण देणार यावर वेळ गेला, आणि २०२३ मध्ये एकदाचं काम सुरू झालं.

फाटकाचा त्रास लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त का असतो, हे एका साध्या हिशोबात दिसतं. आकडे समजण्यासाठी घेतलेत. फाटक आठ मिनिटं बंद. एका बाजूने मिनिटाला २५ गाड्या येतायत. फाटक उघडेपर्यंत २०० गाड्या जमल्या. उघडल्यावर मिनिटाला ४० गाड्या सुटतात, पण मागून २५ येतच असतात, म्हणजे रांग मिनिटाला फक्त १५ ने कमी होते. २०० ची रांग संपायला तेरा-चौदा मिनिटं. आठ मिनिटं फाटक बंद म्हणजे जवळपास बावीस मिनिटांचा जाम. आणि त्या तेरा मिनिटांत दुसरी गाडी आली तर? रांग संपतच नाही, ती पुढच्या गाडीपर्यंत वाढत जाते. त्या रांगेत ॲम्ब्युलन्सही असू शकते.

आता यात भविष्य टाका. केंद्राने ३१ जुलै २०२५ ला छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. मराठवाड्याची जुनी मागणी होती, आनंदच आहे. पण दुसरा रूळ आला की गाड्या वाढणार, आणि या मार्गावर जिथे जिथे फाटक उरलंय तिथे ते जास्त वेळा पडणार. भुयारी मार्ग किंवा पूल ही सोय राहत नाही, गरज होते.

भुयारी मार्गाने फाटकाची वाट बघणं संपतं, पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्याच्या दोन्ही तोंडांशी असलेले रस्ते अरुंदच राहिले तर रांग फाटकापासून उठून पुढच्या चौकात जाऊन बसते.

मग करायचं काय?

शहरात सगळ्यात जास्त चर्चा होते ती वाळूज ते शेंद्रा अखंड उड्डाणपुलाची आणि मेट्रोची. दिसायला भव्य आहे, राजकीय भाषणात छान बसतं. पण हा मार्ग पूर्व-पश्चिम आहे आणि सातारा-देवळाईची कोंडी उत्तर-दक्षिण आहे. जालना रोडच्या डोक्यावरून कितीही वेगाने गाड्या गेल्या तरी देवळाईचा माणूस आधी रुळांपाशी अडकणार आहे. माझ्या मते तरी एका भव्य पुलापेक्षा रूळ ओलांडायच्या दोन साध्या जागा आणि कॉलन्यांना जोडणारे पाच-सहा छोटे रस्ते इथे जास्त काम करतील. फक्त त्यांच्या उद्घाटनाला हेलिकॉप्टरने कुणी येणार नाही.

जुन्या वस्तीत ते करणं महाग आणि वेदनादायक असतं, हे २०२५ च्या जून-जुलैमध्ये शहराने पाहिलं. महापालिकेने मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड अशा रस्त्यांवर रुंदीकरणात येणारी बांधकामं पाडण्याची मोठी मोहीम काढली. रस्ता मोकळा झाला म्हणून एकीकडे कौतुक झालं. दुसरीकडे ज्यांचं दुकान किंवा घर गेलं त्यांनी विचारलं, आम्ही कर भरत होतो, वीज मीटर होतं, तेव्हा कुणी का सांगितलं नाही? बांधकाम परवानगी आहे की नाही यावर मोबदल्याचा वाद उभा राहिला. जो रस्ता प्लॉट पाडताना पाच गुंठे सोडून मिळाला असता, तो आता जेसीबीने काढावा लागतोय.

नव्या भागासाठी मात्र एक जुनाच मार्ग आहे, नगररचना योजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून तो आपल्याकडे आहे. सगळ्या शेतमालकांची जमीन कागदावर एकत्र करायची, आधी रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची, मग उरलेली जमीन सरळ आकाराचे प्लॉट करून ज्याची त्याला परत द्यायची. प्लॉट आकाराने लहान होतो, पण त्याला रस्ता असतो म्हणून किंमत वाढते. मुंबईतलं सांताक्रूझ, पुण्यातलं भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर, असेच घडले. पुढे गुजरातने ही पद्धत जोरात वापरली, अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा रिंगरोड करताना तिचा मोठा उपयोग झाला. कायदा आपला, फायदा शेजाऱ्याचा.

आणि हे आत्ताच करायला हवं, कारण पुढची लाट दिसतेय. शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिकची १० हजार एकर जमीन आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी साधारण २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. कामगार, इंजिनिअर, त्यांची कुटुंबं येतील, त्यांना घरं लागतील. पैठण रोडच्या दोन्ही बाजूंना आणि नव्या बायपासच्या कडेला प्लॉटिंगचे फलक आत्ताच उभे आहेत. 'हायवेपासून दोन मिनिटांवर.'

तुम्ही घर घेताय तर

गुंठेवारी नियमित करून घेता येते, हे खरं आहे. २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्याच्या कक्षेत आली. शहरातल्या शंभराहून अधिक वसाहतींचा हा विषय आहे. पण नियमित होतं ते तुमचं घर. त्याने समोरची गल्ली एक फुटानेही रुंद होत नाही.

त्यामुळे ब्रोशर बाजूला ठेवा आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. तुमच्या प्लॉटवरून किंवा जवळून आराखड्यातला रस्ता जातोय का, किती रुंदीचा, हे त्यावर दिसतं. बिल्डर ज्याला 'अप्रोच रोड' म्हणतो तो कुणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यावर बघा. तो दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर उद्या तिथे काट्या टाकलेल्या दिसू शकतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरं आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरावर नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही. साइटवर मंजूर लेआउट अपलोड केलेला असतो, त्यातला रस्ता आणि जागेवरचा रस्ता टेप लावून मोजायला लाज वाटू देऊ नका. भिंतीपलीकडच्या लेआउटचा रस्ता तुमच्या रस्त्याला जोडला जाणार आहे का, हेही विचारा. बहुतेक ग्राहक 'आमची कॉलनी बंद हवी' म्हणतात आणि मग एकाच गेटवर अडकतात.

आणि साइट व्हिजिटला रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेआठला जा, स्वतःच्या दुचाकीवर, आणि तिथून तुमच्या ऑफिसपर्यंत येऊन बघा. एजंटला मागे बसवलंत तर उत्तमच.